पन्नासातलं एक मूल

(दृश्य : इयत्ता पाचवी, गणिताचा तास. कॅमेरा एका वहीवर स्थिरावतो.)

अक्षर गिचमिड आहे. उत्तरं बरोबर, पण मधल्या पायऱ्या गाळलेल्या. समासात पेन्सिलीनं काढलेला चक्रव्यूह. बाई फळ्यावर तिसरं उदाहरण मांडतायत आणि या वहीत दहाही उदाहरणं सोडवून झाली आहेत. तास संपायला अजून वीस मिनिटं आहेत.

बुद्धिमापनात सरासरी 100 धरतात. बुद्ध्यंक 130 किंवा त्याहून जास्त असलेली मुलं शंभरात साधारण दोन. म्हणजे पन्नासाच्या पटामागे सरासरीनं एक. जिल्हा परिषदेच्या शाळेतही हे मूल असतं.

न्यूयॉर्कच्या मानसशास्त्रज्ञ लीटा हॉलिंगवर्थ यांनी अशा मुलांचा वर्षानुवर्षं जवळून अभ्यास केला. त्यांचं निरीक्षण आजही शिक्षकांनी ऐकावं असं आहे : बुद्ध्यंक 140 असलेल्या मुलाचा नेहमीच्या वर्गात निम्मा वेळ वाया जातो, 170 च्या पुढच्या मुलाचा जवळजवळ सगळाच.

वेळ गेलेला निदान दिसतो तरी. कष्टाची सवय लागलीच नाही, हे मात्र उशिरा कळतं. प्राथमिक शाळेत एकदा वाचलं की येतं. आठवी-नववीत भूमितीची सिद्धता पहिल्यांदा अडते, आणि अडल्यावर नेटानं बसायचं कसं हे या मुलाला ठाऊकच नसतं. त्यात लहानपणापासून ‘किती हुशार!’ ऐकलेलं. मग अडलं म्हणजे आपण हुशार नाही, असा अर्थ ते स्वतःच लावतं आणि वही मिटून ठेवतं.

(दृश्य : पेन्सिल धरलेला लहान हात.)

या मुलांची वाढ सगळीकडून सारखी होत नाही. वय आठ, विचार बाराव्या वर्षातला, हात आठ वर्षांचाच आणि रुसवा कधीकधी पाच वर्षांचा. आजोबा गेल्यावर ते मरणाबद्दल मोठ्यांना निरुत्तर करणारे प्रश्न विचारतं आणि त्याच संध्याकाळी खोडरबर हरवला म्हणून भोकाड पसरतं. ‘एवढं कळतं, मग हे कसं कळत नाही?’ असं विचारण्यात अर्थ नाही. दोन्ही खरं आहे.

आता ओळखायचं कसं? आपण पटकन ज्याच्याकडे बोट दाखवतो ते मूल नीटनेटकं, शांत आणि पहिला हात वर करणारं असतं. कंटाळलेलं, उलट प्रश्न विचारणारं मूल या यादीतून गळतं. चाचणीही चुकू शकते. 1921 मध्ये कॅलिफोर्नियात लुईस टर्मन यांनी तीव्र बुद्धीच्या मुलांचा मोठा अभ्यास सुरू केला. त्यांच्या चाळणीतून विल्यम शॉकली आणि लुईस अल्वारेझ ही दोन मुलं बाहेर राहिली. पुढे दोघांनाही पदार्थविज्ञानाचं नोबेल मिळालं.

म्हणून एका दिवसाच्या एका गुणावर निर्णय नको. घरची भाषा वेगळी असेल तर रेव्हनच्या आकृत्यांसारखी, शब्दांवर न बेतलेली कसोटी सोबत घ्यावी. पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीनं 1969 मध्ये प्रज्ञावंत मुलांसाठी प्रशाला सुरू केली. तिथल्या कामाला अमेरिकी मानसशास्त्रज्ञ गिलफर्ड यांच्या बुद्धिरचनेच्या प्रतिमानाचा आधार आहे. त्यात बुद्धीचे अनेक पैलू वेगवेगळे मोजतात.

तोंडी उत्तरं झकास आणि लेखन फारच कच्चं असेल, तर अध्ययन अक्षमतेची, म्हणजे बुद्धी असूनही वाचन-लेखनात येणाऱ्या अडचणीची, तपासणी जरूर करावी. तीव्र बुद्धी अडचण झाकते, अडचण बुद्धी झाकते, आणि प्रगतिपुस्तकात मूल निव्वळ ‘मध्यम’ दिसतं.

(दृश्य : पुन्हा वर्ग. फळ्यावर ‘अपूर्णांक’.)

वेगळी शाळा सगळ्यांना मिळणार नाही. पन्नासाच्या वर्गातही एक गोष्ट करता येते : घटक चाचणी शिकवण्याआधी घ्या. अपूर्णांकांवर वीस प्रश्न, चाळीस मिनिटं. सोळा-सतरा बरोबर आले तर घटक बहुतेक येतोय. चुकलेले तीन-चार प्रश्न कुठले ते बघा. समजा, सगळे भिन्न छेदांच्या बेरजेचे आहेत. तेवढे दोन तास मुलानं बाईंकडे लक्ष द्यायचं. घटकाला बारा तास असतील तर दहा तास मोकळे झाले.

आणि घोळ होतो तो इथेच. त्या दहा तासांत तसलीच आणखी पन्नास उदाहरणं दिली, तर लवकर संपवल्याची शिक्षा होते. पुढच्या वेळी मूल मुद्दाम रेंगाळतं. किंवा त्याला रोज इतरांना शिकवायला बसवतात. अधूनमधून ठीक आहे, पण त्याचं स्वतःचं शिकणं त्यात थांबतं.

काम असं हवं की ते अडलं पाहिजे. उदाहरणार्थ : अंशस्थानी 1 असलेले तीन वेगवेगळे अपूर्णांक घ्या, बेरीज 1 यायला हवी. एक द्वितीयांश, एक तृतीयांश, एक षष्ठांश हे उत्तर थोड्या वेळात सापडतं. मग विचारा : दुसरं उत्तर का नाही? द्वितीयांश घेतलाच नाही, तर जास्तीत जास्त तृतीयांश, चतुर्थांश आणि पंचमांश, म्हणजे साठातले सत्तेचाळीसच. म्हणून द्वितीयांश हवाच. उरलेला अर्धा तृतीयांशाशिवाय जमवायला गेलं तर चतुर्थांश आणि पंचमांश मिळून विसातले नऊ, पुन्हा कमीच. दहा वर्षांच्या मुलानं केलेली ही खरीखुरी सिद्धता.

एखाद्याच विषयात मूल दोन इयत्ता पुढे असेल, तर सबंध वर्ग गाळण्याआधी तेवढा तास वरच्या वर्गात बसवून पाहावं. त्यासाठी जूनमध्येच पाचवी आणि सातवीचा गणिताचा तास वेळापत्रकात एकाच वेळी लावावा लागतो. तो लावला नाही, तर मुलाचा दुसरा विषय बुडतो आणि महिन्याभरात प्रयोग बंद पडतो. मुलाची स्वतःची इच्छा आधी विचारावी, आणि सहा आठवड्यांनी पुन्हा विचारावी.

(दृश्य : तीच वही, नवं पान.)

आता प्रश्न चार अपूर्णांकांचा आहे. याची उत्तरं सहा आहेत, पण ते मुलाला सांगितलेलं नाही. पानावर तीन सापडलीत. चौथ्याच्या जागी खोडून खोडून कागद पातळ झालाय. तासाची घंटा होते, आणि वही मिटत नाही.