उसनी जहाजं, नवखा कप्तान

मंडळी, थोड्या वेळाने आपण 'कॅप्टन ब्लड' पाहणार आहोत. वॉर्नर ब्रदर्सचा, १९३५ सालचा. चाचेपटांमधला अव्वल म्हणून त्याचं नाव घेतात, आणि ते खरंही आहे. पण एवढ्या थाटामाटाच्या चित्रपटाचा बराचसा कारभार उसनवारीवर चालला होता, हे मला जास्त गमतीचं वाटतं.

कथा राफाएल सबातिनीच्या कादंबरीवरून घेतलेली. साल १६८५, इंग्लंडमधलं मॉनमथचं बंड, म्हणजे मॉनमथच्या ड्यूकने राजा दुसऱ्या जेम्सविरुद्ध केलेला उठाव. पीटर ब्लड हा आयरिश डॉक्टर एका जखमी बंडखोरावर उपचार करतो, एवढाच त्याचा गुन्हा. न्यायाधीश जेफ्रीज फाशी सुनावतो, पण राजा हिशेबी. मेलेल्या माणसाचे पैसे येत नाहीत, म्हणून कैद्यांना गुलाम करून जमैकात धाडतात. तिथे पोर्ट रॉयलच्या बाजारात डॉक्टरसाहेब दहा पौंडांना विकले जातात. पुढे स्पॅनिश जहाज पळवून चाचेगिरी. पुढचं सांगत नाही, पडद्यावर बघा.

आता नायक. ठरला होता रॉबर्ट डोनाट. तो आला नाही. मग स्टुडिओने हात घातला एरल फ्लिन या जवळजवळ अनोळखी पोरावर. टास्मानियातल्या होबार्टचा जन्म, वय २६. त्याच वर्षी या चित्रपटाचा दिग्दर्शक मायकेल कर्टिझ याच्याच एका रहस्यपटात त्याच्या वाट्याला मुख्यतः प्रेताचं काम आलं होतं! नायिका ऑलिव्हिया द हॅविलंड १९ वर्षांची, जन्म टोकियोचा. खुद्द कर्टिझ बुडापेस्टचा. फ्लिन सुरुवातीला इतका बुजला होता की पुढे तो रुळल्यावर आधीचे काही प्रसंग पुन्हा चित्रित करावे लागले, असं सांगतात. पडद्यावर मात्र तो जन्मजात कप्तान वाटतो.

जाता जाता एक आपल्या घरची गोष्ट. त्याच १९३५ साली मुंबईत वाडिया मुव्हिटोनचा 'हंटरवाली' आला. त्यातली नादिया जन्माने पर्थची, म्हणजे तीही ऑस्ट्रेलियाचीच. आणि चित्रपट काढणाऱ्या वाडिया बंधूंचं घराणं मुंबईच्या गोदीत खरीखुरी जहाजं बांधणारं. चाचेपट काढायला याहून लायक माणसं कुठे मिळाली असती!

हॉलिवूडकडे मात्र जहाजं बांधायला पैसा नव्हता. म्हणून शेवटच्या लढाईत छोट्या प्रतिकृती वापरल्या, आणि १९२४च्या 'द सी हॉक' या मूकपटातले तुकडे बिनदिक्कत जोडले. बारीक नजरेने पाहाल तर जोड सापडतात. माझ्या मते त्याने काही बिघडत नाही, कारण कर्टिझचा कॅमेरा तुम्हाला थांबून तपासायला उसंतच देत नाही. समुद्रकिनाऱ्यावरचं तलवारयुद्ध मात्र अस्सल. समोर बॅसिल रॅथबोन हा नट आहे. तो तलवारबाजीत खरोखरीच तयार होता. फ्लिनला शिकवून उभं केलेलं. तरीही हरायचं रॅथबोननेच, कारण पटकथेत तसं लिहिलंय.

आणि संगीत. एरिख वोल्फगांग कोर्नगोल्ड हा व्हिएन्नात बालपणीच गाजलेला संगीतकार. त्याच्या हातात जेमतेम तीन आठवडे. वेळ पुरेना, म्हणून द्वंद्वाच्या प्रसंगाला त्याने फ्रान्झ लिस्ट या जुन्या संगीतकाराच्या एका रचनेचा आधार घेतला. थोडकाच भाग. पण या गृहस्थाने हट्ट धरला की श्रेयनामावलीत आपल्या नावापुढे 'संगीतकार' लिहायचं नाही, फक्त 'संगीत संयोजन' लिहायचं. स्टुडिओ दुसऱ्याचे तुकडे निवांत जोडत होता, आणि चित्रपटातलं बहुतेक सगळं संगीत ज्याने स्वतः रचलं, तोच उसन्या चार ओळींचा हिशेब चुकता करत होता. सुरुवातीची पाटी जरा लक्ष देऊन वाचा, ते शब्द तिथे आहेत.