अन्ननलिका हळवी होते तेव्हा

श्रोतेहो, नमस्कार. पुण्यात पोटविकारांवर उपचार करताना 'डॉक्टर, माझं पित्त काही केल्या जात नाही' हे वाक्य ऐकल्याशिवाय माझा दिवस संपत नाही. बहुतेकांना गोळ्यांनी आराम पडतो. आज मी बोलणार आहे ते मात्र उरलेल्यांविषयी. गोळ्यांचा डोस दुप्पट केला तरी त्यांच्या छातीतली जळजळ थांबत नाही, एंडोस्कोपीत अन्ननलिका स्वच्छ दिसते, आणि मग घरचे, क्वचित डॉक्टरसुद्धा, 'तुम्हाला काहीच झालेले नाही' असे सांगून मोकळे होतात.

कोथरूडहून आलेल्या एका शिक्षिकांनी मिसळ सोडली होती, चहा सोडला होता, चिंचगुळाची आमटीही बंद केली होती. खाटेच्या उशाकडच्या पायांखाली विटा ठेवून झाल्या होत्या. आम्ही त्यांच्या नाकातून एक बारीक नळी अन्ननलिकेत सोडली, कमरेला नोंद घेणारे यंत्र बांधले आणि जळजळ होईल तेव्हा त्यावरचे बटण दाबायला सांगून त्यांना घरी पाठवले. 24 तास नेहमीसारखे जेवायचे, झोपायचे, एवढीच सूचना होती.

दुसऱ्या दिवशी आलेख पाहिला. अन्ननलिकेत आम्ल असण्याचा एकूण काळ 4 टक्क्यांच्या आत, म्हणजे अगदी निरोगी माणसाइतका होता. पण त्यांनी बटण दाबल्याच्या बहुतेक खुणा एखादा छोटासा घोट जठरातून वर आल्यानंतर लगेच पडलेल्या होत्या, आणि त्यांतले काही घोट तर धड आंबटही नव्हते. असे घोट तुमच्या-माझ्याही अन्ननलिकेत रोज, विशेषतः जेवणानंतर, अनेकदा येऊन जातात, फक्त आपल्याला त्यांचा पत्ता लागत नाही. या बाईंना मात्र ते जाणवत होते. या अवस्थेला 'रिफ्लक्स हायपरसेन्सिटिव्हिटी', म्हणजे अन्ननलिकेचा हळवेपणा, म्हणतात; अशा पोटविकारांच्या निदानासाठी तज्ज्ञांनी ठरवलेल्या 2016 च्या रोम निकषांनी तिला स्वतंत्र स्थान दिले आहे.

भाजलेल्या हातावर कोमट पाणी पडले तरी चटका बसतो, तसेच येथे घडते. अन्ननलिकेतील चेतातंतूंवर मिरचीचा तिखटपणा ओळखणारे जे ग्राहक, म्हणजे संवेदना टिपणारे रेणू (रिसेप्टर), असतात, तेच उष्णता आणि आम्लही टिपतात. याच ग्राहकाच्या शोधासाठी डेव्हिड ज्युलियस यांना 2021 चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. हे तंतू वारंवार डिवचले गेले की थोड्याशा स्पर्शानेही पेटू लागतात, आणि मज्जारज्जू व मेंदू तो संदेश आणखी मोठा करून ऐकतात. जागरण आणि ताण त्यात भर घालतात. म्हणून या वेदनेला मनाचे खेळ म्हणणे मला अन्यायाचे वाटते; ती वेदना खरीच असते, फक्त तिचे मूळ आम्लाच्या प्रमाणात नसते.

यावर ॲमिट्रिप्टिलिनसारखे औषध अत्यल्प मात्रेत देतात. ते उदासीनतेवरचे असले तरी येथे ते चेतातंतूंचा हळवेपणा कमी करण्यासाठी वापरले जाते. हे मी आधी नीट समजावले नव्हते, आणि 'ही तर डिप्रेशनची गोळी' असे मेडिकलच्या दुकानात ऐकून बाईंनी पाकीट न फोडताच परत आणले. चूक माझी होती. आता मी रुग्णाला चिठ्ठी देण्याआधी हे सांगतो. सोबत जेवणानंतर पोटाने सावकाश श्वास घेण्याचा सराव असतो, आणि शस्त्रक्रियेची घाई आम्ही करत नाही.

मात्र घास अडकणे, विनाकारण वजन घटणे, रक्ताची उलटी किंवा काळी शौच यांपैकी काहीही असेल, तर हे निदान स्वतःच करून बसू नका. आणि छातीत दाब येऊन घाम फुटला, तर पित्त समजून गोळी न घेता आधी हृदय तपासून घ्या.

दोन महिन्यांनी त्या शिक्षिका पुन्हा आल्या. जळजळ पूर्ण गेलेली नाही, आठवड्यातून एखाद्या वेळी होते. पण आमटीत चिंच पुन्हा पडू लागली आहे.