गोलाईवर चालणारी कोरणी

(दृश्य: बिदरी सुरईचं पोट, अगदी जवळून. चांदीची वेल गळ्याकडे चढत जाते.)

बिदरी भांडं हातात घेतलं की नजर आधी चांदीवर जाते. काळ्याभोर पोटावरून वेल वर चढते, गळ्यापाशी बारीक होते, ओठाजवळ संपते. ही चांदी वरून चिकटवलेली नाही. तिच्यासाठी धातूत आधी चर खणलेला असतो, आणि तो खणणारं हत्यार हातात मावेल एवढं लहान, पोलादाचं असतं. बिदरच्या कारखान्यांत त्याला कलम म्हणतात, मराठी कारागीर कोरणी म्हणेल. ही फिल्म त्या कोरणीची आहे.

(दृश्य: बिदरचा किल्ला, मग गल्लीतला एक छोटा कारखाना.)

बिदर आज कर्नाटकात आहे. १९५६ साली राज्यांची फेररचना होईपर्यंत ते आणि मराठवाडा एकाच हैदराबाद राज्यात होते. बहमनी सुलतानांच्या या राजधानीत बिदरी काम रुजलं आणि आजही इथेच जोमात चालतं. २००६ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालं.

भांडं घडतं मुख्यतः जस्ताचं. साधारण १६ भाग जस्त आणि १ भाग तांबं, असं प्रमाण सांगितलं जातं. वाळूच्या साच्यात ओतून, घासून भांडं गुळगुळीत झालं की त्यावर मोरचुदाचं पाणी चोळतात. धातू तात्पुरता काळवंडतो, आणि त्यावर अणकुचीदार टोकाने काढलेली नक्षी पांढरी उठून दिसते. कारागीर ती कागदावरून उतरवत नाही, थेट हातानेच काढतो. मग मेण लावलेल्या दगडावर भांडं बसवतात. आता कोरायचं.

अडचण इथूनच सुरू होते. ताम्रपट कोरणाऱ्याला सपाट पत्रा मिळत असे. शिलाहारांच्या किंवा यादवांच्या ताम्रपटांवर ओळीमागून ओळ उतरत गेलेली दिसते. सुरईला मात्र सपाट जागाच नाही. पोट बाहेर फुगलेलं, गळा आत वळलेला, आणि वेल दोन्हीकडून जाते.

(दृश्य: जुन्या कानशी, भट्टी, तेलाचं भांडं.)

कोरणीला कार्बन भरपूर असलेलं पोलाद लागतं. जुनी, दाते झिजलेली कानस त्यासाठी उत्तम. साधा लोखंडी खिळा कितीही घासला तरी निरुपयोगी, कारण त्याला पाणी चढत नाही, म्हणजे तापवून झटकन गार केला तरी तो कठीण होत नाही.

कानस आधी नरम करायची. लाल होईपर्यंत तापवायची आणि राखेत पुरून सावकाश निवू द्यायची. मग ती कापता येते, घासता येते. जुने दाते पार घासून काढायला हवेत. एखादी खाच मागे राहिली, तर पाणी देताना पोलाद नेमकं तिथेच तडकतं. घाई करणाऱ्याची अर्धी हत्यारं अशीच वाया जातात.

आकार आला की पुन्हा ताप द्यायचा, तोही फक्त टोकाकडच्या भागाला. साधारण ७७० अंश सेल्सिअसला पोलाद चुंबकाला चिकटेनासं होतं. त्याच्या किंचित वर गेलं की वेळ झाली. तेलात सरळ उभं बुडवायचं. आडवं किंवा तिरपं गेलं तर वाकतं. बाहेर काढलं की टोक इतकं कठीण झालेलं असतं की त्यावर कानस नुसती घसरते. पण आता ते ठिसूळही आहे. हातोडीच्या पहिल्याच टोल्याला त्याचा टवका उडेल.

म्हणून ही कठीणता थोडी उतरवायची. इथे डोळे लागतात. टोकाची एक बाजू चकचकीत घासायची आणि मागच्या बाजूने हळूहळू आच द्यायची. पोलादावर रंग सरकत पुढे येतात. सुमारे २२० अंशांना फिकट पिवळा, मग गडद पिवळा, तपकिरी, जांभळा, आणि ३०० च्या आसपास निळा. तळहाताने रेटायची कोरणी असेल तर फिकट पिवळा टोकाला पोचताच ती गार करायची. हातोडी खाणारी असेल तर रंग थोडा अजून पुढे जाऊ द्यायचा, तपकिरीच्या अलीकडेपर्यंत. निळा टोकापर्यंत पोचला तर पुन्हा पहिल्यापासून. हातोडी पडते ते मागचं टोक मात्र नरमच ठेवायचं. ते कठीण झालं तर त्याचे कपचे उडून डोळ्यात जाऊ शकतात.

(दृश्य: धार लावण्याचा दगड. कोरणीचं टोक, भिंगातून.)

आता या टोकाकडे जरा थांबून पाहू, कारण गोलाईवरचं सगळं काम इथे ठरतं. पुढचं तोंड साधारण ४५ अंशात घासलेलं असतं, कठीण धातूसाठी थोडं अधिक उभं. हे कुणीही दाखवेल. पण कोरणी उलटी करा. तळाच्या बाजूला, अगदी टोकाशी, एक चिमुकला उतार दिलेला दिसेल. तिची टाच. लांबी जेमतेम अर्धा मिलिमीटर, कधी त्याहूनही कमी.

नांगराचा फाळ जमिनीत किती शिरेल हे त्याच्या कलावर ठरतं, तसंच काम ही टाच करते. सपाट पत्र्यावर कोरणी टाचेवर टेकून चालते आणि खोली आपोआप एकसारखी राहते. तिथे टाच थोडी लांब असली तरी चालतं, उलट आधार मिळतो. पण वेल वळली की लांब टाच मागून फरफटते आणि चराच्या बाहेरच्या काठाला चिरडत जाते. त्या काठावर एक चमकती, फाटकी कड उमटते. म्हणून वळणाच्या रेषांसाठी टाच आखूड हवी.

फुगलेल्या पोटावर प्रश्न वेगळा. तिथे पृष्ठभाग पुढे पुढे खाली उतरत जातो. कोरणी सरळच ढकलली तर चर उथळ होत जातो आणि टोक निसटून भांड्यावर ओरखडा ओढतं. त्यासाठी पुढे जाता जाता मूठ वर उचलत राहावं लागतं. आत वळलेल्या गळ्यात अगदी उलट घडतं. पृष्ठभाग समोरून वर येतो, टोक खोल घुसत जातं, मूठ खाली करावी म्हटलं तर कोरणीचा दांडाच भांड्याला अडतो. तिथे टाचेचा कोन वाढवावा लागतो. पोटावर १५ ते २० अंश पुरत असतील तर गळ्यात २५-३० लागतात. जागा फारच अडचणीची असेल तर दांडाच वाकवून घेतलेली कोरणी वापरतात.

एकाच भांड्यासाठी चार-पाच कोरण्या हाताशी ठेवलेल्या दिसतात, त्या यासाठी. बाजारात तयार कोरणी मिळते, पण ती टाच तुमच्या सुरईच्या गळ्यासाठी घासलेली नसते. ती ज्याची त्यानेच घासायची.

धार पाहण्याची रीत सोपी आहे. टोक अंगठ्याच्या नखावर तिरपं टेकवायचं. घसरलं तर बोथट, रुतलं तर तयार. उजेडात धरल्यावर टोकावर ठिपक्याएवढी जरी चमक दिसली, तरी टोक मोडलेलं आहे.

(दृश्य: कारागीर काम करताना. डावा हात भांडं फिरवतो.)

या चित्रणात उजव्या हातापेक्षा डाव्या हाताकडे पाहा. उजवा हात जवळपास एकाच जागी आहे. हातोडी छोटी, टोले हलके आणि सारख्या अंतराने. सगळी हालचाल भांड्याची आहे. वेल वळते तेव्हा कोरणी वळत नाही, सुरई वळते. युरोपात बंदुकांवर किंवा घड्याळांवर कोरणारे वाळू भरलेल्या चामडी उशीवर काम ठेवतात, किंवा गोल बुडाच्या, कुठेही फिरणाऱ्या शिकंज्यात अडकवतात, तेही याच कारणासाठी. हल्ली हवेच्या दाबावर चालणाऱ्या कोरण्याही आल्या आहेत. त्या हातोडीचं काम करतात आणि मनगट वाचवतात. टाच तिथेही लागतेच.

एवढी खटपट खोलीसाठी का? चराचं तोंड अरुंद आणि तळ किंचित रुंद ठेवतात. त्यात चांदीची तार बसवून ठोकली की मऊ चांदी तळाशी पसरते आणि अडकून बसते. नंतर सगळं भांडं वरून घासून सपाट करतात. चर जिथे उथळ राहिला असेल तिथे या घासण्यात तार निघून जाते, किंवा पुढे केव्हातरी उखडते. हाताची चूक तेव्हाच उघडी पडते, आणि तोवर चांदी खर्च झालेली असते. आमच्या मते बिदरी कामातला सगळ्यात अवघड हिस्सा हा कोरण्याचाच आहे, आणि प्रदर्शनातल्या पाट्यांवर त्याबद्दल एखादी ओळही क्वचितच असते.

(दृश्य: किल्ल्यातली माती, उकळतं पाणी.)

शेवटचा टप्पा प्रसिद्धच आहे. बिदरच्या किल्ल्यातली जुनी माती आणि नवसागर पाण्यात मिसळून तापवतात. माती योग्य आहे की नाही, हे कारागीर जिभेवर ठेवून ठरवतात. भांडं त्यात घातलं की जस्त काळं पडतं, चांदी पांढरीच राहते. मग तेलाचा हात फिरवला की काळा रंग गडद होतो.

(दृश्य: संग्रहालयातली हुक्क्याची भांडी.)

हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात किंवा लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात जुनी बिदरी भांडी पाहायला मिळतात. तिथे गेलात तर फुगीर पोट झटकन पाहून घ्या आणि गळ्यापाशी थांबा. बाहेरची गोलाई संपून आतली सुरू होते, तिथे रेषेची जाडी पोटावरच्याइतकीच आहे का ते तपासा. ती तशीच राहिली असेल, तर कोरणाऱ्याने त्या जागी हत्यार बदललं होतं.