देवमाशाचा कान

डायनासोर गेले, मग सस्तन प्राणी आले, संपला विषय, असं आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. पण सस्तन प्राणी आधीपासून होतेच की, डायनासोरांच्या पायाखाली दहा कोटींहून जास्त वर्षं काढली त्यांनी, बहुतेक सगळे उंदीर-घुशीएवढे. मग 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी मेक्सिकोत युकातानला तो लघुग्रह आदळला आणि मोठे डायनासोर गेले (पक्षी राहिले, म्हणजे डायनासोर तसे पूर्ण गेलेच नाहीत, पण ते असो). त्याच दणक्यात समुद्रातले मोसासॉर, म्हणजे तिथले मोठे शिकारी सरपटणारे प्राणी, तेही गेले, हे मात्र कुणी फारसं सांगत नाही. म्हणजे जागा जमिनीवरही मोकळी झाली आणि पाण्यातही, फक्त पाण्यातली भरायला जरा वेळ लागला.

ती भरली देवमाशांच्या घराण्यानं. आणि हे आपल्याला कळलं कशावरून, तर मुख्य म्हणजे कानाच्या एका हाडावरून.

पाकिस्तानात सापडलेल्या एका कवटीचं वर्णन 1981 मध्ये जीवाश्मशास्त्रज्ञ फिलिप जिंजरिच आणि त्यांच्या सहकाऱ्यानं छापलं, प्राण्याचं नाव पाकिसीटस, वय साधारण 5 कोटी वर्षं. खडक समुद्रातला नव्हता, नदीकाठच्या गाळाचा होता, पण कानाचं हाड बघावं तर त्याची आतली कड चांगली जाडजूड, आणि आजच्या जिवंत प्राण्यांत असा कान फक्त देवमासे आणि डॉल्फिन यांच्यातच दिसतो. मग लोकांनी त्या एका कवटीवरून सीलसारखा पोहणारा प्राणी काढून टाकला, आणि 2001 मध्ये बाकीची हाडं जाहीर झाली तेव्हा कळलं की याला चांगले लांब चार पाय होते, हा जमिनीवर धावू शकत होता! त्यामुळे नुसत्या कवटीवरून काढलेली चित्रं बघताना थोडं जपून.

त्याच वर्षी घोट्याचाही निकाल लागला. गाय, हरीण, डुक्कर, पाणघोडा या सगळ्यांच्या घोट्यात एक हाड असतं, दोन्ही टोकांना कप्पीसारखी खाच असलेलं, इतर कुणात ते तसं नसतं. जुन्या देवमाशांच्या घोट्यात अगदी तेच निघालं. डीएनएवाले कधीपासून म्हणत होते की देवमाशाचा सगळ्यात जवळचा जिवंत नातेवाईक पाणघोडा आहे, जीवाश्मवाल्यांना ते पटत नव्हतं, जिंजरिच स्वतः दुसऱ्याच एका मांसाहारी गटाकडे बोट दाखवायचे, पण घोटा हातात आल्यावर त्यांनी मत बदललं.

माझं सगळ्यात आवडतं जनावर मात्र इंडोहायस. जम्मू-काश्मीरमध्ये कालाकोटजवळचे जीवाश्म असलेले दगड ए. रंगा राव या भूशास्त्रज्ञांनी जमवून ठेवले होते, त्यांच्या पश्चात ते जीवाश्मशास्त्रज्ञ हान्स थेविसन यांच्या हाती आले, आणि साफसफाई करताना थेविसन यांच्या टेक्निशियनकडून एक कवटी चुकून फुटली, तर आत तोच जाड कान! 2007 मध्ये हे प्रसिद्ध झालं. प्राणी केवढा, तर मांजरापेक्षा फार मोठा नाही, पायाला खूर, दिसायला छोट्या हरणासारखा, पण पायाची हाडं आतून भरीव आणि जड, पाणघोड्यासारखी, म्हणजे पाण्यात तळाशी पाय टेकून चालायला सोयीची. दातांतल्या ऑक्सिजनच्या आयसोटोपवरूनही (म्हणजे हलक्या-जड ऑक्सिजन अणूंच्या प्रमाणावरूनही) हेच दिसतं की हा पाण्यात बराच वेळ काढायचा. थेविसन यांचं म्हणणं असं की धोका दिसला की हे पाण्यात उडी मारत असावेत, आणि शाकाहारी असतानाच पाण्याची सवय लागली, मासे खाणं नंतर आलं. मला हा क्रम पटतो, कारण पाण्याची सवय आधी आणि शिकारीचे दात नंतर, असंच हाडांत दिसतंय.

पुढचं मग भराभर झालं. अँब्युलोसीटस हा जुना देवमासा मगरीसारखा दबा धरणारा, चालणारा आणि पोहणाराही, आणि 4 कोटी वर्षांच्या अलीकडे इजिप्तच्या वादी अल-हितानमध्ये बॅसिलोसॉरस, हाही देवमासाच, 15 मीटरच्या पुढे लांब, पूर्ण समुद्रातला. त्याचे मागचे पाय 1990 मध्ये जाहीर झाले, गुडघा, घोटा, बोटं सगळं आहे, फक्त एवढं इवलंसं की त्यावर उभं राहणं शक्यच नाही. मग ते होते कशाला? जिंजरिच यांचा अंदाज असा की मीलनाच्या वेळी जोडीदाराला धरून ठेवायला. असेलही, पण निव्वळ उरलेले, हळूहळू जात असलेले पाय म्हटलं तरी मला चालतं, प्रत्येक हाडाला काम असायलाच हवं असं थोडंच आहे.