मराठी शिकणाऱ्याला बोलण्याची रीत कोण शिकवणार?

(अमराठी भाषकांना मराठी शिकवणाऱ्या शिक्षकांपुढे दिलेलं व्याख्यान, संपादित रूपात)

मंडळी, आपल्यापैकी कुणी लखनौला एखाद्या वयस्कर गृहस्थांकडे गेलं आणि मोठ्या आदबीनं म्हणालं, "चाचाजी, तुम बैठो," तर त्या वाक्यात व्याकरणाची चूक नाही. कर्ता बरोबर, क्रियापद बरोबर, भावनाही स्वच्छ. आपल्या मनात 'तुम्ही' असतं, आणि मराठीत 'तुम्ही' म्हटलं की आदर पुरा होतो. तिथे मात्र 'आप' लागतं. ते गृहस्थ आपली चूक दुरुस्त करणार नाहीत. माणूस उद्धट आहे असं मनाशी ठरवतील आणि चहा पुढे करतील.

हेच उलट्या दिशेनंही घडतं. उत्तरेकडून आलेला मुलगा मुंबईत मराठी शिकतो. मराठी मुलं आईला 'तू' म्हणतात, देवालाही 'तू' म्हणतात, हे तो ऐकतो आणि शेजारच्या आजोबांना म्हणतो, "आजोबा, तू कुठे चाललास?" किंवा दुसरं टोक गाठतो. हिंदीतल्या 'आप'ची जागा भरायला भाजीवाल्या मावशींना विचारतो, "आपण ही मेथी कशी दिलीत?" मावशी गोंधळतात. सभेतल्या भाषणातला शब्द मेथीच्या जुडीजवळ कशाला आला, असं त्यांना वाटतं.

भाषेच्या या बाजूचा अभ्यास करणाऱ्या शाखेला प्रॅग्मॅटिक्स म्हणतात. चार्ल्स मॉरिस यांनी १९३८ मध्ये चिन्हांच्या अभ्यासाचे तीन भाग पाडले आणि चिन्ह व ते वापरणारा माणूस यांच्या नात्याला हे नाव दिलं. पुढे १९५५ मध्ये तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांनी हार्वर्डला व्याख्यानं दिली. माणूस बोलतो तेव्हा तो नुसती माहिती सांगत नाही, काहीतरी करत असतो, हे त्यांनी मांडलं. वचन देतो, माफी मागतो, ताकीद देतो. आपल्या कामाचं मात्र सगळ्यात जास्त सांगितलं ते जेनी थॉमस यांनी, १९८३ साली. परक्या भाषेत व्याकरण चुकलं तर लोक म्हणतात, भाषा अजून कच्ची आहे. बोलण्याची रीत चुकली तर माणूसच वाईट ठरतो. भाषा जितकी सफाईदार, तितका हा धोका मोठा, कारण समोरच्याला वाटतं की याला सगळं कळतं आणि तरी हा असं बोलतो. मला आज जे सांगायचंय त्याचा गाभा हाच आहे.

वाक्यातल्या शब्दांच्या पलीकडचा अर्थ आपल्याकडे फार पूर्वी ओळखला गेला होता. हाल सातवाहनाच्या नावावर असलेल्या गाथासप्तशतीत, म्हणजे महाराष्ट्री प्राकृतात, एक गाथा आहे. एक धार्मिक माणूस गोदावरीच्या काठी हिंडायचा, पण तिथल्या कुत्र्याला भ्यायचा. एक बाई त्याला सांगते: आता निर्धास्त फिर, त्या कुत्र्याला आज नदीकाठच्या झाडीत राहणाऱ्या मस्तवाल सिंहानं मारून टाकलं. शब्द म्हणतात 'फिर'. पण कुत्र्याला भिणारा माणूस सिंह असलेल्या झाडीकडे फिरकेल का? ती तिच्या गुपचूप भेटीची जागा, आणि ती त्याला 'येऊ नकोस' म्हणते आहे. नवव्या शतकात काश्मीरमध्ये आनंदवर्धन या काव्यशास्त्रकारानं याच गाथेवरून दाखवलं की वरचा अर्थ आज्ञेचा असला तरी आतला मनाईचा असू शकतो.

त्यानंतर मम्मट या काव्यशास्त्रकारानं 'सूर्य मावळला' एवढंच वाक्य घेतलं. सेनापतीशी बोलताना त्याचा अर्थ हल्ल्याची वेळ झाली, कामकऱ्यांमध्ये काम थांबवू या, ब्राह्मणाला संध्येला बसा. असा अर्थ कशाच्या आधारे लागतो, तेही त्यानं नोंदवून ठेवलं: बोलणारा कोण, ऐकणारा कोण, आवाजाचा चढउतार, वाक्य कसं आहे, जवळ आणखी कोण उभं आहे, प्रसंग कोणता, जागा कोणती, वेळ कोणती. ही यादी वर्गाच्या भिंतीवर लावावी इतकी उपयोगाची आहे. एका ठिकाणी मात्र मी मम्मटापासून वेगळी वाट धरते. असा अर्थ प्रतिभावंतांना कळतो, असं तो म्हणतो. काव्यापुरतं ते ठीक. शिक्षकाला तसं म्हणून सुटता येत नाही.

त्या यादीतल्या चढउताराला मम्मट 'काकू' म्हणतो. भाषाशास्त्रज्ञ जॉन गंपर्झ यांनी १९८२ मध्ये नोंदवलेली एक हकीकत याच काकूची आहे. ब्रिटनमधल्या एका मोठ्या विमानतळावर कर्मचाऱ्यांच्या उपाहारगृहात भारतीय आणि पाकिस्तानी बायका नव्यानं कामाला लागल्या होत्या. जेवण घेणाऱ्याला मांसाबरोबर ग्रेव्ही हवी का, असं विचारायचं असे. इंग्रज बाई 'ग्रेव्ही?' म्हणताना सूर वर नेई, या बायका तो खाली आणत. ऐकणाऱ्याला ते 'ही घे ग्रेव्ही' असं तुसडं वाटे. त्यांच्याबद्दल तक्रारी झाल्या, आणि त्या बायकांना वाटे की आपल्याला कमी लेखतात. दोन्ही बाजूंना ध्वनिमुद्रणं ऐकवल्यावर उलगडा झाला. भांडणाचं कारण एका शब्दावरचा सूर होता, आणि तोवर कुणालाही त्याचा संशय आला नव्हता.

गंपर्झ यांचा आपल्याशीही संबंध आहे. रॉबर्ट विल्सन यांच्याबरोबर त्यांनी सांगलीजवळच्या कुपवाडमध्ये मराठी, कन्नड आणि उर्दू बोलणाऱ्यांचा अभ्यास केला, तो १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला. शेजारानं या भाषांची वाक्यरचना एकमेकींच्या इतकी जवळ आली होती की एकीतून दुसरीत जाताना बरेचदा फक्त शब्द बदलावे लागत. रोज एकमेकांकडे मागणं, देणं, नाकारणं चाललं की माणसं कुठवर जवळ येतात, ते तिथे दिसतं.

आता विनंतीकडे येऊ, कारण आपल्या विद्यार्थ्यांचं सगळ्यात जास्त अडतं ते इथे. मराठीत 'पाणी द्या' हे उद्धट नाही. आदर 'द्या'मध्येच आला, वेगळं 'कृपया' लावलं तर ते रेल्वेच्या फलाटावरच्या घोषणेसारखं ऐकू येतं. पण काम जरा मोठं असलं की मराठी माणूस सरळ मागत नाही. साहेबांच्या टेबलापाशी जाऊन तो म्हणतो, "सर, जरा सही हवी होती." गरज आत्ताची आणि क्रियापद भूतकाळाचं. "एक विचारायचं होतं," हेही तसंच. मागणी एक पाऊल मागे सरकवून ठेवली की समोरच्याला नाही म्हणायला जागा राहते. शिवाय 'तुम्ही'ला वाक्यातूनच वगळण्याची सोय आहे: "एक फॉर्म मिळेल का?" देणारा कोण याचा उच्चारच नाही, म्हणून कुणावर दाब नाही. आणि तो छोटासा 'ना'. "खिडकी लाव ना," असं मैत्रिणीला म्हटलं तर त्यात लाड आहे. "सर, सही करा ना," म्हटलं तर मागे लागल्यासारखं होतं. मी 'हवी होती' भूतकाळाच्या धड्यात सांगत नाही, विनंतीच्या धड्यात सांगते, कारण तिथे तो काळ उरतच नाही.

नकाराचंही असंच. "बघतो," "बघू या," "कळवतो," यांत बहुतेक वेळा नकार असतो, आणि नवा माणूस आठवडाभर फोनची वाट बघत बसतो. पाहुणा पहिल्यांदा 'नको' म्हणाला तर दुसऱ्यांदा विचारायचं असतं. निघताना 'जातो' म्हणायचं नसतं, 'येतो' म्हणायचं. हे आपण लहानपणी दटावणी खात शिकलो. मोठ्या माणसाला कुणी दटावत नाही.

मग हे ऐकून ऐकून आपोआप येतं का? रिचर्ड श्मिट यांनी १९८३ मध्ये वेस या नावानं एका जपानी चित्रकाराचा अभ्यास मांडला. हवाईत तीन वर्षं राहून त्याचं इंग्रजी व्याकरण फारसं सुधारलं नाही, पण तो गप्पा रंगवी, विनंती करी, माणसं जोडी. म्हणजे व्याकरण आणि बोलण्याची रीत यांची वाढ बरोबरीनं होतेच असं नाही. वेसला दिवसभर बोलणारी माणसं मिळाली. फक्त वर्गात भेटणाऱ्या विद्यार्थ्याला ती मिळत नाहीत. बार्दोवी-हार्लिग आणि ड्योर्न्ये यांनी १९९८ मध्ये अमेरिकेत इंग्रजी शिकणारे आणि हंगेरीत इंग्रजी शिकणारे यांना चुका दाखवून गंभीर कोणती ते विचारलं. अमेरिकेतल्यांना रीतीच्या चुका जास्त खटकल्या, हंगेरीतल्यांना आणि त्यांच्या शिक्षकांनाही व्याकरणाच्या. वर्गात ज्याला गुण मिळतात तिकडेच लक्ष जातं.

२०२० च्या अधिनियमानं राज्यातल्या सर्व शाळांत मराठी सक्तीची झाली. घरी मराठी नसलेल्या मुलांचे वर्गच्या वर्ग आता आपल्यासमोर आहेत. यांना उत्तरपत्रिकेतली मराठी येईल, पण जिन्यात भेटलेल्या काकूंशी बोलायची येईल का?

वर्गात हे करता येतं. एक प्रसंग सांगायचा: शेजाऱ्यांकडून शिडी आणायची आहे. आधी शेजारी वर्गमित्राच्या घरचे, मग कधी न बोललेले, मग गेल्या वेळी शिडी उशिरा परत केली म्हणून नाराज असलेले. तिन्ही वेळा काय म्हणाल? उत्तरं फळ्यावर लिहायची आणि मम्मटाच्या यादीतला कोणता भाग बदलला ते मुलांनाच शोधू द्यायचं. बरोबर-चूक नंतर. कोल्हापूरच्या घरात आणि पुण्याच्या घरात उत्तर वेगळं येईल, तेही मांडायचं. आणि कोण कुणाला का अहोजाहो करतं, हा प्रश्न मुलांनी विचारला तर तो टाळायचा नाही. रीत माहीत असणं आणि ती पाळायची की नाही हे ठरवणं या दोन गोष्टी आहेत, दुसरी त्यांच्या हातात राहू द्यायची.

वर्गाबाहेरचं एक काम मात्र तुमच्याइतकंच तुमच्या शेजाऱ्यांचं आहे. समोरचा अडखळत मराठी बोलू लागला की आपण दुसऱ्याच वाक्याला हिंदीवर जातो. आपण त्याची सोय बघतो, पण वेसला जे दिवसभर मिळालं तेच आपण याच्याकडून काढून घेतो. तेव्हा मराठीतच थांबा. आणि तो आजोबांना 'तू' म्हणाला तर हसू नका, मनात राग धरून गप्पही बसू नका. बाजूला घेऊन तिथल्या तिथे सांगा: "मोठ्यांना 'तुम्ही' म्हणायचं, आईला 'तू' चालतं. परत म्हणून बघ."