घाट उतरण्याआधी ब्रेक ऑइल

नमस्कार श्रोतेहो.

गणपतीला गावी जायचं म्हणून वर्षभर झाकून ठेवलेली प्रीमियर पद्मिनी किंवा मारुती ८०० बाहेर काढणारी मंडळी अजूनही आहेत. टायर बघतात, बॅटरी चार्ज करतात. ब्रेक मात्र एकदा दाबून ‘लागतोय’ म्हणतात आणि निघतात.

आमच्याकडेही असंच चालायचं. एका वर्षी आंबोली घाट उतरताना वडिलांनी ब्रेक दाबला आणि पेडल थेट तळाला गेलं. त्यांनी भराभर पंप मारले, दुसरा गिअर टाकला, हँडब्रेक हळूहळू ओढत गाडी डोंगराच्या बाजूला घेतली. मागे आजी बसली होती. अर्ध्या तासाने तोच ब्रेक नीट लागला! कुठे काही तुटलं नव्हतं, गळलं नव्हतं.

घात केला होता जुन्या ब्रेक ऑइलने. पायाचा जोर चाकांपर्यंत पोचवणारं हे ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं. डॉट ३ या दर्जाचं ऑइल ताजं असताना २०५ अंश सेल्सिअसपर्यंत तरी उकळत नाही. पाणी मुरलं की १४० अंशांच्या आसपासच उकळू शकतं. उतारावर ब्रेक सतत दाबून चाकं तापली की आत वाफ धरते. ऑइल दबत नाही, वाफ दबते. पायाचा जोर त्या वाफेतच जिरतो. गार झाल्यावर वाफ विरते, म्हणून गॅरेजमध्ये नेली की गाडी शहाण्यासारखी वागते आणि आपणही विषय सोडून देतो. तो सोडू नका.

गाडी उभी असली तरी दर दोन वर्षांनी ऑइल बदला. डबा नवा, सीलबंद हवा. माळ्यावरचा अर्धा उरलेला नको. बदलताना ब्रेकच्या नळ्यांत शिरलेली हवा काढायला दोघं लागतात: एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने चाकामागचं निपल, म्हणजे हवा सोडायचा छोटा स्क्रू, सैल करून पुन्हा आवळायचं, मगच पेडल सोडायचं. बहुतेक जुन्या गाड्यांत मास्टर सिलिंडरपासून (पेडलने ऑइल ढकलणारा मुख्य पंप) सर्वांत लांबचं, मागचं डावं चाक आधी घेतात. मध्येच ब्रेक ऑइलची टाकी रिकामी झाली, तर हवा पुन्हा आत शिरते.

चाकातला ब्रेकचा ड्रम उघडलात, तर व्हील सिलिंडरचं (ऑइलच्या दाबाने ब्रेक ड्रमवर दाबणारा चाकातला छोटा सिलिंडर) रबर उचलून बघा. आत ओल दिसली, तर ते गळतंय. ऑइल प्यालेले लायनर, म्हणजे ड्रमला घासणाऱ्या पट्ट्या, घासून वापरू नका. दोन्ही बाजूंचे बदला. रबरी भाग पेट्रोलने धुऊ नका, ते फुगतात. ड्रममधली धूळ फुंकूही नका. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं आणि ते फुप्फुसात जातं. ओल्या फडक्याने पुसा.

निघायच्या आदल्या दिवशी, इंजिन बंद ठेवून, पेडल मिनिटभर दाबून धरा. ते हळूहळू खाली सरकत गेलं, तर मास्टर सिलिंडरचे रबरी वॉशर गेलेले असू शकतात, नाहीतर कुठेतरी गळती आहे. ते दुरुस्त होईपर्यंत गाडी हलवू नका. घरच्यांना घेऊन एसटीने जा.