लाईट गेली तरी पुरी होणारी नक्कल

लिनक्सची डिस्क जशीच्या तशी उचलून दुसऱ्या कॉम्प्युटरवर चालवणं हा आजचा विषय, आणि तिथे आपण येऊच. पण मृग तोंडावर आलाय आणि समोर शाळा, पतपेढ्या, वाचनालयं सांभाळणारी मंडळी बसली आहेत. म्हणून आधी नक्कल उतरवण्याबद्दल बोलतो, कारण आपल्या किनाऱ्यावर गाडं तिथेच अडतं.

जो तो सांगतो, 'डीडी' चालवा, म्हणजे डिस्क बाइट न् बाइट उतरवणारी लिनक्सची आज्ञा. डिस्क धडधाकट आणि वीज अखंड असेल तर डीडीला नावं ठेवायला जागा नाही. साटा केबलवर सेकंदाला १०० एमबी मिळाले तर ५०० जीबीची डिस्क दीड तासात उतरते. तीच डिस्क बाहेरून जोडायच्या यूएसबी २ च्या डब्यातून उतरवायला चार तास लागतात. देवगड-राजापूरकडे आषाढात चार तास सलग लाईट राहील, या भरवशावर काम काढू नका. डीडी मध्येच तुटलं की कुठवर आलो होतो याची नोंद मागे उरत नाही. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

त्यात डिस्क जुनी असेल तर वाचता न येणाऱ्या पहिल्याच सेक्टरवर, म्हणजे डिस्कवरच्या छोट्याशा कप्प्यावर, डीडी थांबतं. मग कुणीतरी सल्ला देतं, नोएरर (चूक आली तरी पुढे जा) आणि सिंक (न वाचलेली जागा शून्यांनी भर) हे पर्याय घाला. हा सल्ला मला मनापासून खटकतो. एका वेळी वाचायचा तुकडा चार एमबीचा ठेवलात तर ५१२ बाइटच्या एका खराब सेक्टरपायी शेजारचा चांगला डेटाही शून्यांनी भरला जाऊ शकतो. नुसतं नोएरर घालून सिंक विसरलात तर त्यापुढचा सगळा डेटा जागेवरून सरकतो. 'पूर्ण झालं' असं दिसतं आणि फाइल सिस्टिम मात्र उघडत नाही.

त्यापेक्षा खराब डिस्कमधून डेटा उतरवायला बनवलेली डीडीरेस्क्यू ही आज्ञा वापरा. डेबियन-उबुंटूत पॅकेजचं नाव जीडीडीरेस्क्यू, चालवताना मात्र नुसतं डीडीरेस्क्यू. त्यापुढे मायनस एफ (डिस्कवर लिहायची मुभा), मायनस एन (खराब जागा आत्ता खरवडत बसू नको), जुनी डिस्क, नवी डिस्क आणि शेवटी मॅपफाइल. ही मॅपफाइल म्हणजे कामाची रोजकीर्दच. साधी टेक्स्ट फाइल आहे, उघडून बघा. प्रत्येक ओळीत सुरुवात, लांबी आणि एक खूण. अधिक म्हणजे उतरलं, वजा म्हणजे खराब, प्रश्नचिन्ह म्हणजे अजून हात लावलेला नाही. लाईट आली की तीच आज्ञा पुन्हा द्यायची, काम राहिलं तिथून पुढे सरकतं. पहिली फेरी संपली की मायनस एन काढून मायनस डी (थेट डिस्कवरून वाचन), मायनस आर ३ घाला, म्हणजे अडलेल्या सेक्टरांवर तो तीनदा परत जातो.

दोन गोष्टी नीट ऐका. लाइव्ह पेनड्राइव्हवरून, म्हणजे इन्स्टॉल न करता थेट पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून, काम करताना समोर दिसणारं होम फोल्डर सहसा रॅममध्ये असतं. मॅपफाइल तिथे ठेवलीत तर लाईटबरोबर तीही गेली. तिच्यासाठी वेगळा पेनड्राइव्ह लावा. आणि कॉम्प्युटर पुन्हा सुरू झाल्यावर एसडीए, एसडीबी ही नावं अदलाबदल होऊ शकतात. एलएसबीएलके या डिस्कची यादी देणाऱ्या आज्ञेत सिरीयल नंबर बघून डिस्कवरच्या लेबलाशी ताडा, मगच एंटर मारा. उलटं झालं तर रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते.

वेळ संपत आलीय, तेव्हा मूळ विषय भरभर घेतो. चालू सिस्टिमची नक्कल करू नका, लाइव्ह पेनड्राइव्हवरूनच करा. ५०० ची हार्ड डिस्क ४८० च्या एसएसडीत मावत नाही. आधी जीपार्टेड या प्रोग्रामने पार्टिशन, म्हणजे डिस्कचा भाग, आखडा. फाइल सिस्टिम एक्सटी४ असेल तर आखडता येते, एक्सएफएस असेल तर नाही. नक्कल झाली की दोन्ही डिस्क एकत्र लावून बूट करू नका. दोघींचे यूयूआयडी, म्हणजे ओळख क्रमांक, एकच असतात, कुठली माउंट होईल (वापरासाठी जोडली जाईल) याचा नेम नाही.

नव्या कॉम्प्युटरवर बूट होत नसेल तर आधी यूईएफआय, म्हणजे कॉम्प्युटर सुरू करणारी मदरबोर्डातली व्यवस्था, बघा. बूटची नोंद जुन्या मदरबोर्डात राहिलेली असते, डिस्कबरोबर येत नाही. लाइव्हवरून सीएचरूट करून, म्हणजे डिस्कवरच्या सिस्टिमच्या आत शिरून, ग्रब-इन्स्टॉल ही बूटलोडर बसवणारी आज्ञा रिमूव्हेबल पर्यायासह चालवा. डिस्कच दिसत नसेल तर यूईएफआयच्या सेटिंगमध्ये डिस्कसाठी रेड मोड असेल, तो बदलून साधा एएचसीआय करा. फेडोरात इनिटरॅमएफएसमध्ये, म्हणजे बूट होताना आधी लोड होणाऱ्या फाइलीत, जुन्याच मशीनपुरते ड्रायव्हर असतात. बूट मेनूतला रेस्क्यू पर्याय निवडा, आत गेल्यावर ती फाइल ड्रॅकट या आज्ञेने, नो-होस्टओन्ली पर्याय देऊन, पुन्हा बनवा. नेटवर्क कार्डाचं नाव बदलतं, तेव्हा उबुंटूत ते नेटप्लॅन या नेटवर्क सेटिंगमध्ये दुरुस्त करा.

आणि दोन्ही मशीन एकाच नेटवर्कवर राहणार असतील तर नव्यावर ईटीसी फोल्डरमधली मशीन-आयडी (मशीनची ओळख) फाइल रिकामी करून रीस्टार्ट करा, एसएसएचच्या, म्हणजे दुरून लॉगिन करायच्या सोयीच्या, होस्ट की नव्याने बनवा. नाहीतर राउटर दोघांना एकच आयपी देऊ शकतो, आणि मग तुम्ही केबल तपासत बसाल.